मध्यम वयातील शरीराची राखण

आधारवचन : करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ६, वचने १९ व २०.

वर दिलेली वचने तुम्हांपैकी पुष्कळांस तोंडपाठ असतील. म्हणून ती येथे न छापता वाचकांनी आपापले शास्त्र उघडून ती वाचावी, आणि घरात शाळेत जाणारे मूल असल्यास त्याच्याकडून मोठ्याने वाचवून घ्यावी, अशी आमची विनंती आहे. या वचनांच्या आधारे आपल्या मंडळ्यांत दारूविषयी उपदेश होतात, तंबाखूविषयी होतात, जारकर्माविषयी होतात. आणि हा शेवटचा विषय तर ते पत्र लिहिताना प्रेषिताच्या मनात होताच. परंतु ज्या शरीरास त्याने देवाच्या मंदिराची उपमा दिली, त्याच शरीराच्या कमरेभोवती चाळिशीनंतर जे हळूहळू चढत जाते, त्याविषयी व्यासपीठावरून कोणी बोलत नाही. कोणी बोललेच, तर ऐकणारे ते हसण्यावारी नेतात. आज आम्ही त्याचविषयी चार शब्द लिहीत आहोत.

ज्यांचे शरीर फार स्थूल झाले आहे व ज्यांस चालणेही कठीण जाते, त्यांची गोष्ट निराळी. त्यांस वैद्याची गरज आहे. आमचे बोलणे त्याहून साध्या स्थितीविषयी आहे. सदऱ्याचे खालचे बटण लागत नाही, झंपर दंडात दाटतो, बोटातील अंगठी साबण लावल्यावाचून निघत नाही, आणि आरोग्य केंद्राच्या काट्यावर उभे राहिले असता दहा वर्षांपूर्वीपेक्षा चार-पाच किलो अधिक भरतात, एवढेच. अशा मनुष्यास कोणी रोगी म्हणत नाही. उलट गावात त्याचे कौतुक होते. खात्यापित्या घरचा दिसतो, देवाने बरे केले, असे लोक म्हणतात.

हे कौतुक कोठून आले, याचा विचार केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. आमच्या मंडळ्यांतील बहुतेक घराण्यांनी भूक पाहिली आहे. १८९७ व १९०० सालच्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी ज्या शेकडो मुली केडगावी आणून वाढविल्या, त्यांच्या लेकी, नाती व पणत्या आज ठिकठिकाणच्या मंडळ्यांत आहेत. १९७२ सालचा दुष्काळ तर अद्याप जिवंत माणसांच्या आठवणीत आहे. खडी फोडण्याची कामे, सुकडीचे वाटप, आणि अमेरिकेहून आलेला तो तांबडा मिलो, ज्याची भाकर थापली तरी जुळत नसे, हे सर्व साठी ओलांडलेल्यांस विचारा. त्या वर्षी जन्मलेली मुले आता पन्नाशीच्या पलीकडे गेली आहेत. ज्या आईने उपाशी पोटी त्यांस वाढविले, तिला आपल्या मुलाच्या अंगावर मांस चढलेले पाहून आनंद झाला, तर त्या आनंदास आम्ही पाप म्हणणार नाही. तो उपकारस्तुतीचाच एक प्रकार होय.

परंतु या आनंदाच्या आड एक गोष्ट लपलेली आहे, आणि ती आपल्याच मुलखात उजेडात आली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे एक इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन पाहण्याचे जे गणित डॉक्टर लोक करतात, त्यात दोघांचा आकडा अगदी एकच, म्हणजे २२.३ होता. पण अंगातील चरबी मोजली, तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या अंगी ती शेकडा ९.१ निघाली आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगी शेकडा २१.२! बाहेरून दोघेही सडपातळच. याचे मूळ कोठे असावे? १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांची व त्यांच्या बाळांची पाहणी सुरू झाली. तेथील बाळांचे सरासरी वजन पावणेतीन किलोंच्याही आत भरले. त्यांचे मांस व आतडी-काळीज लहान होते; परंतु कातडीखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. गर्भात अन्न अपुरे पडले असता शरीर जणू दुष्काळासाठी कणगी भरून ठेवते. युरोपातही असेच दिसले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंड देशात उपासमार झाली, आणि त्या काळी गर्भात असलेली मुले पन्नाशीस आल्यावर तपासली, तेव्हा त्यांच्यात रक्तातील साखर नीट न पचण्याचे प्रमाण अधिक आढळले.

म्हणून बंधूंनो, आमच्या लोकांच्या पोटावर जी चरबी चढते, ती केवळ खादाडपणाची खूण नव्हे. तिच्यात आमच्या आजीची भूकही आहे. ज्या उपदेशकांस मंडळीतील एखाद्या बाईच्या जाड अंगावर बोट ठेवून आळसाविषयी प्रवचन करण्याची हौस आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

असे उपदेशक बहुधा एली याजकाचे उदाहरण देतात. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात तो वृद्ध व जड असल्याने आसनावरून मागे पडून मेला, असे लिहिले आहे खरे. पण त्याच्या घराण्यावर जो ठपका आला, तो मुलांस आवर न घातल्याचा व अर्पणातला उत्तम भाग स्वतः खाल्ल्याचा आहे. जडपणा हा तेथे केवळ तो कसा पडला हे सांगण्यापुरता आला आहे. दुसरे काही जण दानिएलाच्या डाळीचे गुणगान करतात आणि ती खाल्ल्याने तो सडसडीत झाला असे समजतात. त्यांनी पहिला अध्याय पुन्हा वाचावा. दहा दिवस शाकान्न खाऊन तो व त्याचे सोबती इतरांपेक्षा अधिक पुष्ट दिसू लागले, असे तेथे आहे! आमच्या प्रभूलाही त्याच्या वैऱ्यांनी खादाड म्हणून हिणविले होते. शास्त्र काटा घेऊन माणसांचे वजन करीत नाही. शास्त्र एवढेच विचारते, की जे शरीर तुझे नाही, जे मोल देऊन विकत घेतलेले आहे, त्याची राखण तू कशी करतोस?

आता राखणीचे बोलू. लोकांची समजूत अशी, की चाळिशी उलटली म्हणजे जठराग्नी मंदावतो, आणि मग काही केले तरी अंग सुटायचेच. ही समजूत आळसास फार सोयीची आहे, पण खरी नाही. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतील ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजणीचा वृत्तान्त आला. शरीराच्या आकाराचा हिशेब धरला असता, विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत शरीर जो उष्मांक खर्च करते तो जवळजवळ एकसारखा राहतो आणि साठीनंतरच उतरू लागतो, असे त्यात दिसून आले. मग मधल्या वयात बदलते काय? बदलतो तो आपला दिवस. पूर्वी विहिरीवरून पाणी शेंदत होतो, आता नळ आहे. नांगर मुलाच्या हाती गेला, किंवा ट्रॅक्टरच्या. तिशीनंतर जे स्नायू कामास लावले नाहीत, ते दर दहा वर्षांस शेकडा तीन ते आठ या मानाने झिजत जातात. भाकरी मात्र ताटात पूर्वीइतक्याच पडतात. बहिणींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते : पाळी बंद होण्याच्या वयात जी चरबी आधी मांड्यांवर व कमरेखाली असे, ती पोटाकडे सरकते, यात त्यांचा काही दोष नाही.

आणि पोटावरची चरबीच सर्वांत घातक. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेह झालेल्यांची संख्या दहा कोटींवर निघाली, आणि पोट सुटलेले प्रौढ शेकडा सुमारे ४० आढळले. म्हणून वजनाच्या काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, ती पोटाभोवती धरावी. आपल्या लोकांसाठी पुरुषाची मर्यादा ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रीची ८०, म्हणजे साडेएकतीस इंच धरली आहे. पोट आत ओढून माप घेणाऱ्याने कोणास फसविले, हे त्याचे त्यानेच ठरवावे.

आमच्या उपदेशक बंधूंपुढे या बाबतीत एक खास अडचण आहे, आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावे म्हणूनच आम्ही मुख्यत्वे लेखणी हाती घेतली. ती अडचण म्हणजे चहा.

सकाळी भेटीस निघालेला उपदेशक दुपारपर्यंत आठ घरे करतो. आठ घरी आठ कप. खेड्यात साखर घालण्यात हात आखडता घेणे म्हणजे पाहुण्याचा अपमान. म्हणून प्रत्येक कपात दोन चमचे धरा. चमचा पाच ग्रॅमचा धरला, तर ऐंशी ग्रॅम साखर आणि तीनशेवीस उष्मांक झाले, आणि अद्याप जेवण झालेलेच नाही! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे, की अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या एकंदर अन्नात दहाव्या हिश्शाहून कमी असावी, म्हणजे सुमारे पन्नास ग्रॅमच्या आत. आणि पंचवीसवर आणल्यास अधिक बरे. आमचा उपदेशक बारा वाजेपर्यंतच ती सीमा ओलांडून बसतो. शिवाय त्याचे आजोबा या गावाहून त्या गावास पायी जात. तो मोटारसायकलवर जातो.

तर मग चहा नाकारावा काय? येथे आम्हांस फार जपून लिहिले पाहिजे. आमच्या वडिलांस गावच्या हॉटेलात बाहेर बसवून निराळ्या कपबशीत चहा मिळे, आणि ती कपबशी त्यांनाच विसळून ठेवावी लागे. एकमेकांच्या हातचे निःशंक खाणे-पिणे ही आमच्या मंडळ्यांत लहान गोष्ट नव्हे. सुवार्ता आमच्या दारी आली तिची ती एक साक्ष आहे. गरीब विधवेने उसनी साखर आणून केलेला चहा जर उपदेशकाने तब्येतीचे कारण सांगून परत केला, तर तिच्या मनात प्रथम काय येईल, हे सांगण्याची गरज नाही. आणि तोच उपदेशक पाटलाच्या वाड्यावर बशी तोंडास लावताना दिसला, तर त्याचा उपदेश त्या वाड्यातच संपला म्हणून समजावे.

आम्हांस जो मार्ग दिसतो तो असा. नियम धरायचा तर तो सर्व घरी सारखा धरावा, आणि गरिबाच्या घरी प्रथम धरण्याऐवजी श्रीमंताच्या घरी प्रथम धरावा. तेथे नाही म्हटल्याची वार्ता आपोआप वस्तीत पोहोचते. घरी गेल्यावर “नको, नको” असे म्हणत उंबऱ्यावर उभे राहू नये. खाली बसावे, पाणी मागावे, आणि सरळ सांगावे, “ताई, तुमच्या हातचा घेणारच, पण अर्धा कप, आणि साखर घालू नका. डॉक्टरांनी नव्हे, मीच ठरविले आहे.” मधुमेह झाला नसता तो झाला आहे असे खोटे सांगू नये, चहा चुकविण्यासाठी केलेली लबाडी ही लबाडीच. जी वेळ चहाची ती आता बोलण्यात द्यावी. बाईस कळले पाहिजे, की हा मनुष्य चहासाठी नव्हे, माझ्यासाठी आला होता. फार झाले तर चौथ्या महिन्यात ती स्वतःच मुलीस सांगेल, “पाळकसाहेबांचा बिनसाखरेचा ठेव गं.”

कोणी म्हणेल, प्रभूने तर सत्तर शिष्यांस पुढे वाढलेले खावे असे सांगितले होते. होय, पण लूकाच्या दहाव्या अध्यायात त्याच आज्ञेलगत घरोघर हिंडू नये असेही त्याने सांगितले आहे. त्याचा हेतू चहा-साखरेचा नव्हता, हे आम्ही जाणतो. चांगल्या पाहुणचाराच्या शोधात घर बदलणाऱ्या शिष्यांस तो इशारा होता. तरीही एका सकाळी आठ घरे उरकण्यापेक्षा तीन घरी निवांत बसणे हे आत्म्यासही बरे व कमरेसही बरे, असे आम्हांस वाटते.

चालण्याविषयीही शास्त्रात एक लहानशी नोंद आहे, जी वाचताना आपण ओलांडून जातो. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौलाचे सोबती त्रोवसाहून तारवात बसून अस्साकडे गेले. पौल मात्र मुद्दाम पायी गेला. का गेला हे लूकाने लिहिलेले नाही. तीमथ्यास लिहिताना ज्याने शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडका आहे असे म्हटले, त्याचे पाय असे होते! त्याचे ते वाक्य पुढे करून खाटेवर पडून राहणाऱ्यांनी हेही पाहावे. डॉक्टरांचे सांगणे असे, की आठवड्यात दीडशे मिनिटे झपाझप चालावे. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. मोटारसायकल वस्तीच्या अलीकडे मंदिराजवळ लावून पुढचा रस्ता पायी केला, तर ते सहज साधते. शिवाय आठवड्यातून दोन वेळा स्नायूंस जोर पडेल असे काही करावे : पाण्याच्या घागरी उचलणे, उठाबशा, जिन्याच्या पायऱ्या. ज्या बहिणी दिवसभर वाकून खुरपतात, त्यांस मात्र हा उपदेश कोणी ऐकवू नये. त्यांस विश्रांती व वाटीभर डाळ हवी.

बहिणींविषयी एक गोष्ट राहिली. पुष्कळ घरी बाई सर्वांच्या मागून जेवते, आणि मुलांच्या ताटातील उरलेसुरले, पातेल्यातील तळाचा भात, कालची पोळी, हे सारे वाया जाऊ नये म्हणून स्वतःच्या पोटात घालते. डाळ व अंडे तोवर संपलेले असते. अशा रीतीने तिचे अंग वाढते आणि रक्त मात्र कमी राहते. २०१९ ते २१ या वर्षांतील सरकारी पाहणीप्रमाणे आपल्या राज्यात सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया वजनाने कमी, आणि त्याहून थोड्या अधिक स्त्रिया वजनाने जास्त भरल्या. कधी या दोन्ही एकाच घरात सासू व सून म्हणून नांदतात. ज्या घरी बाप प्रार्थना चालवितो, त्याने सर्वांस एकाच वेळी पंगतीस बसवावे, आणि मटकीची उसळ, डाळ, ताक, पालेभाजी हे बाईच्या ताटात प्रथम पडले आहे की नाही ते पाहावे. एक भाकर कमी व उसळ वाटीभर अधिक, एवढ्यावर पुष्कळ काम होते. तेलाचा बुधला महिन्यास किती दिवस पुरतो, तेही मोजावे.

अलीकडे मंडळ्यांमध्ये वजन उतरविण्याच्या भुकटीचे डबे विकणारे शिरले आहेत; उपासना संपली की मंदिराच्या अंगणातच व्यवहार होतो. एका डब्याची किंमत ऐकून आम्ही चकित झालो. तेवढ्या पैशांत घरास महिनाभर अंडी व डाळ मिळेल. दुसरे काही भाऊ उपवासास पोट कमी करण्याचे साधन समजतात. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातील उपवास भुकेल्यास आपली भाकर वाटण्याचा आहे. कमरेसाठी केलेल्या लंघनास ते नाव देऊ नये. आणि जे मधुमेहाच्या गोळ्या घेतात, त्यांनी तर डॉक्टरांस विचारल्याशिवाय उपाशी राहू नये. साखर एकदम उतरून जिवावर बेतते. तसेच थोड्या आठवड्यांत वजन झपाट्याने वाढले, पायांवर सूज आली, दम लागू लागला, फार थंडी वाजून थकवा राहिला, किंवा काही न करता वजन घटू लागले, तर आमचा हा लेख बाजूस ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा.

एवढे करूनही काटा हलला नाही तर? पुष्कळांचा हलत नाही, आणि ते निराश होऊन सारे सोडून देतात. त्यांस आम्ही चेन्नईची गोष्ट सांगू. तेथील डॉ. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांस मधुमेह होण्याचा संभव होता अशा पाचशेंवर मध्यम वयाच्या स्त्री-पुरुषांचे काही वर्षे निरीक्षण केले, आणि त्याचे फळ २००६ साली प्रसिद्ध केले. ज्यांनी नियमाने चालणे ठेवले व साखर, तेल, भात आटोक्यात आणला, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा सुमारे २८ ने घटले. आणि त्यांचे वजन म्हणावे तसे कमी झालेच नव्हते! काट्यास जे दिसले नाही, ते रक्तात घडत होते.

आता पंचांस एक सूचना. येत्या पंचसभेच्या दिवशी दोन किटल्या ठेवाव्या. एकीत साखर घालूच नये, आणि साखरेचा डबा व चमचा बाजूस असावा. स्त्रीमंडळाच्या बहिणींस चहाच्या पत्तीबरोबरच साखर टाकण्याची सवय आहे, ती मोडण्यास दोन-तीन रविवार लागतील, व पहिल्या दिवशी कुरकुरही होईल. ऐंशी वर्षांचे जे आजोबा मागच्या बाकावर बसतात, त्यांस गोड चहा हवा असल्यास तो त्यांस खुशाल द्यावा, आणि बरोबर बिस्किटही.